तुझी कुऱ्हाड मीच भट्टीत घातली

प्रिय दिनू,

मुक्ता आज सकाळच्या एसटीने गेली. बाभुळगावच्या स्टँडवर तिच्या पाठीवर ती भली मोठी सॅक, सॅकला बांधलेली बर्फ चढायची नवी कुऱ्हाड आणि कुऱ्हाडीच्या टोकाला रबराचं टोपण. कंडक्टर म्हणाला, "काय वं पोरी, पऱ्हाटी तोडाले चालली का?" ही म्हणते, "नाही काका, बर्फ चढाले चालली." गाडीतली माणसं हसली. मला काही हसू आलं नाही. घरी आले, तुझी वही काढली आणि तिच्याच कोऱ्या पानांवर तुला लिहायला बसले. तुझी लेक बर्फापर्यंत पोचायच्या आत मला तुझ्याशी भांडून घ्यायचं आहे. येत्या एप्रिलात तुला जाऊन तीन वर्षं होतील आणि आपलं भांडण अजून बाकी आहे.

अर्धी वही कोरी सोडून गेलास तू! आणि जी भरलीस तिच्यात काय काय लिहिलंस! कोणत्या चढाला कोणते बूट, तंबूच्या दोऱ्या कशा ताणायच्या, मोजे किती न्यायचे. सगळं शहाणपण लिहिलंस आणि ट्रंकेत स्वेटरांच्या खाली दाबून ठेवलंस. घरात एक माणूस तरी होतं का ज्याला तू हे तोंडाने सांगितलंस? आम्ही काय तुझ्या डोंगरांना नजर लावणार होतो?

तुझं हे वेड पहिल्यांदा पाहिलं ते मीच. तू कॉलेजात होतास, मे महिना होता, अंगणात पाय ठेवला तर तळवा भाजत होता. यवतमाळच्या बर्फाच्या कारखान्यातून तू अख्खी लादी आणलीस, बारदानात गुंडाळून, भुसा लावून, दूधवाल्याच्या गाडीतून. घरी येईतो अर्धी वितळली. उरलेली अंगणात उभी केलीस आणि बाबांचं खोदायचं टिकास घेऊन तिच्यावर तुटून पडलास. मला म्हणालास, "ताई, धरून ठेव घट्ट." मी पदराने धरून ठेवली, हात बधिर झाले, तोंडावर बर्फाचे तुकडे उडत होते. बाबा वावरातून आले आणि दारातच थांबले. "काय रे, आता बर्फात पेरणी करतं का?" त्या दिवशी तू मला शब्द दिलास, "ताई, तुले एक दिवस खरा बर्फ दाखवतो."

मग दर मे महिन्यात मी विचारायची आणि दर मे महिन्यात तू म्हणायचास, "पुढच्या वर्षी." बाबा गेल्यावर तर विचारायचीही सोय राहिली नाही. वावर कोण पाहणार? ताई. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी कोण उपटून घेणार? ताई. हे कधी कोणी मला विचारून ठरवलं नाही, तूसुद्धा नाही. तू पांढरकवड्याला भूगोलाचा मास्तर झालास, पोरांना फळ्यावर हिमालय काढून दाखवलास आणि सुट्टी लागली की स्वतः बघून आलास. सख्ख्या बहिणीला मात्र फोटो!

आणि ती तुझी बर्फातली कुऱ्हाड. पहिल्यांदा घेऊन आलास तेव्हा मी हातात धरली, दोनदा झुलवली आणि म्हटलं, "तोल बरा हाये. चोच बोथट वाटते." तू हातातून काढून घेतलीस आणि हसून म्हणालास, "ताई, हे पऱ्हाटीचं काम नाही." सगळे हसले. चाळीस वर्षं मी कुऱ्हाड हातात धरली आहे रे! दांडा कोणत्या लाकडाचा, डोकं किती जड, धार कुठवर न्यायची, हे मला डोळे मिटून कळतं. त्या दिवशी हसण्याऐवजी दोन वाक्यं सांगितली असतीस, "ताई, ही आपल्या कुऱ्हाडीसारखी नाही, हिला आगीजवळ न्यायचं नाही," तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

तू गेलास त्याचा तर वेगळाच संताप आहे. दरवर्षी बर्फातून धडधाकट परत येणारा माणूस घरात, पंख्याखाली, सातवीचे पेपर तपासता तपासता गेला. हातात लाल पेन तसंच. आणि लोक काय म्हणाले? "डोंगरायनं खाल्लं त्याले." कोणत्या डोंगरानं? पांढरकवड्यात कुठे आहे बर्फाचा डोंगर? तुझ्या तेरवीच्या पंगतीत, जेवता जेवता, माणसं तुझ्या वनिताला सांगत होती, "आता पोरीले तरी आवर." मी हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "जेवून घ्या आणि निघा." त्यानंतर दोन घरं आपल्याशी बोलत नाहीत. न बोलोत.

आता ऐक, मी काय केलं ते.

वनिता आणि मुक्ता माझ्याकडे बाभुळगावला राहायला आल्या. पहिल्या वर्षी घरात सण नव्हता. दुसऱ्या वर्षी दसरा केला. आपली पद्धत तुला ठाऊक आहे, आदल्या दिवशी घरातलं सगळं लोखंड बळीराम लोहाराच्या भट्टीवर जातं. कुऱ्हाडी, विळे, टिकास, वखराची पास. लाल करायचं, ठोकायचं, पाण्यात बुडवायचं, धार करून आणायचं. मग धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू. तुझी कुऱ्हाड खुंटीला लटकत होती, चोचीला गंज चढलेला. घरातल्या मोडक्या विळ्यालाही धार लागते आणि माझ्या भावाची कुऱ्हाड तेवढी गंजत पडते, हे मला बघवेना. मी स्वतः पिशवीत घालून नेली. बळीरामला म्हटलं, "हे दिनूची हाये. मन लावून कर." त्याने मन लावून केली.

पाटावर तीच सगळ्यांत चमकत होती. वनिताला वाटलं, मी घासूनपुसून ठेवली असेल. तिने पहिलं कुंकू तिलाच लावलं आणि रडली. मला वाटलं, किती चांगलं काम केलं मी!

मुक्ताने डोंगर चढायचे दोन कोर्स केले तेव्हा कुऱ्हाडीचा प्रश्न आला नाही, तिथे संस्थेची मिळायची. पण यंदा ती आणि तिचे चौघे सोबती, बरोबर त्यांचे एक जुने सर, असे हिमाचलात ऐन हिवाळ्यात एक शिखर चढायला जाणार असं ठरलं. आता कुऱ्हाड ज्याची त्याने आणायची. वनिता आठ दिवस "नाही" म्हणत होती. नवव्या दिवशी म्हणाली, "जाय. पण बाबाची कुऱ्हाड घेऊन जात असशीन तं जाय. ते सोबत राह्यले पाहिजे तुह्या." मुक्ता तर नाचायलाच लागली.

त्याच आठवड्यात तिला ट्रंकेत ही वही सापडली. मी पडवीत तुरीच्या शेंगा सोलत होते, वनिता भाकरी थापत होती आणि ही मोठ्याने वाचायला लागली. वर तुझी ठसठशीत अक्षरं: "कुऱ्हाड निवडताना". खाली लिहिलेलं, सरळ उभं राहा, हात सोडा, कुऱ्हाडीचं डोकं हातात धरा, खालचं टोक घोट्यापाशी यावं. हिवाळ्यात उभा चढ चढायचा असेल तर आणखी चार-सहा बोटं आखूड घ्या. मुक्ता उठून तुझी कुऱ्हाड घेऊन उभी राहिली. टोक जमिनीला टेकलं. तू सहा फुटांचा ताड आणि ती माझ्यावर गेलेली, बुटकी. हसली आणि पुढे वाचत राहिली. शेवटची ओळ तू दोनदा अधोरेखित केली होतीस. "चोच बोथट झाली तर हाताने, कानसीने, हळूहळू. ग्राइंडर नाही. भट्टी तर नाहीच नाही. पोलादाचं पाणी (चिवटपणा) गेलं की कुऱ्हाड गेली, आणि ते डोळ्यांना दिसत नाही."

दिनू, माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. वनिता भाकरी उलटत होती. मुक्ताने पान उलटलं आणि मोज्यांबद्दल वाचायला लागली.

मी गप्प बसले. होय, बसले! कारण मला लगेच एक पळवाट दिसली. लांब आहे ना? मग "लांब हाये, उपेगाची नाही" म्हणून प्रश्न मिटेल, नवी घेऊ, माझं पाप खुंटीला लटकत राहील आणि कुणाला काही कळणार नाही. मी म्हटलंही तसं. वनिता काय म्हणाली असेल? "लांब हाये तं कापून आणू. बळीराम कापून देईन, खालचं टोक पुन्हा ठोकून देईन." अरे देवा! आपल्या घरात दांडा लांब झाला की कापतात, हलला की पाचर ठोकतात. आपल्याला दुसरं माहीतच काय आहे?

मुक्ताने तर कमाल केली. बापाची लेक ना! यवतमाळहून बर्फाची लादी घेऊन आली, बारदानात, भुसा लावून. अंगणात उभी केली आणि तुझी कुऱ्हाड हाणली. चोच कचकन आत गेली. "पाह्य आई, लोण्यात गेल्यावानी गेली!" वनिताच्या चेहऱ्यावर तीन वर्षांनी मी हसू पाहिलं. आणि मी त्या हसण्याआड लपले. मनाला म्हटलं, गेली ना बर्फात? मग चांगलीच असेल. बळीरामचा हात काही वाईट नाही.

पंधरा दिवस, दिनू. बोलले तर वनिता पोरीला पाठवणार नाही. न बोलले तर पोरगी तिकडे कुठल्या तरी उभ्या बर्फात सगळा भार त्या चोचीवर टाकून लटकेल. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. रोज वनिता सॅकमध्ये काही ना काही भरताना दिसायची, लाडू, बामची बाटली, आणि मी वावराची वाट धरायचे. तुझ्यावर इतका राग यायचा! वाटायचं, मेला हा, सुटला. वहीत लिहून मोकळा झाला, आणि निस्तरायचं मी!

मग बळीराम आला. हातात लोखंड कापायची करवत, "कोठी हाये ते दिनूभाऊची?" वनिताने कुऱ्हाड आणून दिली. त्याने ती उचलून पाहिली आणि चोचीवरून अंगठा फिरवून मोठ्या अभिमानाने म्हणाला, "पाहा वहिनी, सालभराखाली लावलेली धार हाये माही. अजून तशीच."

मुक्ताने वर पाहिलं. "धार? कशी लावली होती काका?"

"कशी म्हंजे? दरसालवानी. लाल केली, ठोकली, पाण्यात बुडवली."

मुक्ताने चोचीकडे पाहिलं. माझ्याकडे वळलीही नाही. वनिताला अजून काही कळलं नव्हतं, ती विचारत होती, "काहून वं, काय झालं?" मला कुणी काही विचारायच्या आत मी उठले. बळीरामच्या हातातून कुऱ्हाड घेतली, सरपण फोडायच्या बाभळीच्या खोडाजवळ गेले आणि अंगात होता तेवढा जोर लावून चोच आत हाणली. मग दांडा धरून आडवा ओढला. फार जोर लागला नाही. कट् असा आवाज झाला आणि मी मागे जाऊन पडले. कुऱ्हाड माझ्या हातात होती आणि चोचीचं टोक खोडातच राहिलं होतं. काच फुटावी तशी तुटली होती, कुठे वाकली नाही, काही नाही.

"मीच नेली होती भट्टीवर," मी म्हटलं. "त्याचा दोष नाही. माहा हाये."

बिचारा बळीराम रडकुंडीला आला. "बाई, मले का माईत? आपण सगळ्यायले पाणी पाजतो, हिले बी पाजलं." त्याची काय चूक? माझी तरी काय चूक, सांग ना! पण भट्टीवर नेली त्या दिवशी नव्हती, ती वही वाचल्यानंतरच्या पंधरा दिवसांत झाली. ती माझीच.

वनिता पायरीवर बसली. त्या खोडाकडे बघत होती. मग म्हणाली, "वर तुटली असती तं?"

मग ती माझ्याकडे वळली.

"ताई, तुमाले कधीपासून माईत होतं?"

"तिनं वही वाचली तवापासून."

ती उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चहा समोर ठेवायची आणि निघून जायची. मुक्ताने सॅक उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून पुन्हा कपाटात ठेवायला लागली. मला एका शब्दाने बोलली नाही ती, आणि तेच मला सगळ्यांत जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वावरात जाऊन एकटीच मोठमोठ्याने तुझ्याशी भांडत होते, शेजारच्या वावरातली बाई बघायला आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वनिता वही घेऊन बाहेर आली आणि मुक्तापुढे टाकली. "ते पान वाच पुन्हा. सगळं वाच, पह्यल्यापासून." मुक्ताने वाचलं. वनिता डोळे मिटून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "नागपूरले कधी जायचं?"

तिघी गेलो. दुकानात एक चकचकीत पोरगा होता. त्याने आम्हाला पाहिलं, मग आमच्या मागे पाहिलं आणि विचारलं, "सोबत कोणी जेन्ट्स नाही का?" मी म्हटलं, "एक होता. त्याचं लिहून आणलं हाये." आधी त्याने आकड्यासारख्या वाकड्या दोन कुऱ्हाडी दाखवल्या, जोडीच घ्यावी लागते म्हणाला. मुक्ताने तुझी ओळ वाचली, "त्या नुसत्या सरळ उभ्या बर्फाच्या भिंतीसाठी. चालताना टेकायला कामाच्या नाहीत. एकच घ्यायची असेल तर चालणं आणि चढणं दोन्ही करणारी घ्या." मग त्याने एक लांब, हलकी दाखवली. मी हातात घेतली, डोक्यावर नखाने वाजवली. आवाज भद्द आला. "हे पोलाद नाही." तो म्हणाला, अ‍ॅल्युमिनियम आहे, वजन कमी. मी म्हटलं, "घट्ट बर्फात हे उसळून येईन, आत जाणार नाही. वापस ठेव." तुझ्याही पानावर तेच होतं, बघ! डोकं पोलादाचं. वाचायच्या आधी मी सांगितलं होतं.

तिसरी घेतली. डोकं पोलादाचं, चोच जराशी खाली झुकलेली, मागे बर्फ खोदायला छोटं पातं. दांडा वरच्या बाजूला किंचित वाकलेला, उभ्या चढावर बोटं बर्फाला घासू नयेत म्हणून. मुक्ताने दांड्यावर छापलेलं अक्षर शोधलं, तू म्हणतोस तसं, बी म्हणजे साध्या चालीची, टी म्हणजे जास्त ताण सोसणारी. टी होतं. तिने हात सोडून उभं राहून पाहिलं, टोक घोट्याच्या बरंच वर. मग मी तिला हातमोजे घालायला लावले आणि दुकानात पाच मिनिटं तसंच कुऱ्हाडीचं डोकं धरून फिरवलं, कारण थंडीत दिवसभर जे धरायचं ते हाताला टोचायला नको. दुकानातला पोरगा वैतागला. वैतागू दे.

मग मुक्ता म्हणाली, "आत्या, तू धर बरं." मी धरली, हात सोडला. माझ्याही घोट्याच्या तेवढंच वर आलं टोक. झुलवली. तोल डोक्याकडे, हाताला ओढ लागेल इतकाच. इतकी चांगली कुऱ्हाड मी आजवर धरली नव्हती, आणि हे तू मला तेव्हा कळू दिलं नाहीस, हसलास.

आज सकाळी निघताना वनिताने वहीतलं ते पान टरकन फाडलं. मला वाटलं, आता हिचं डोकं फिरलं. तिने ते घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि मुक्ताच्या आतल्या खिशात ठेवलं. "बाबा सोबत पाहिजे म्हणलं होतं न मी? हे घे. लोखंडात नव्हते ते." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, चाला, गाडी सुटीन." किती दिवसांनी मला नावाने हाक मारल्यासारखं वाटलं.

तर पान फाटलेल्या त्याच वहीत हे लिहिते आहे. तुझी कुऱ्हाड मी फेकलेली नाही. माझ्या विळ्यांशेजारी टांगली आहे, तुटक्या चोचीसकट. खोडातलं टोक तिथेच राहू दिलं आहे, सरपण आता दुसऱ्या खोडावर फोडते.

ऐक, शब्द देते. दसऱ्याला मुक्ताची कुऱ्हाड पाटावर येईल, कुंकू लागेल, भट्टीवर जाणार नाही. तिला धार मी लावीन, हाताने, कानसीने, हळूहळू. आणि घरात काही बिघडलं तर पंधरा दिवस पोटात ठेवणार नाही, त्याच दिवशी बोलेन.

आणि अजून एक. मघाशी स्टेशनवरून तिचा फोन आला. "आत्या, वापस आली का मे महिन्यात तुले नेईन. कुऱ्हाड एकच आहे, पण आपलं माप एकच आहे न." मी हो म्हटलं, दिनू. यंदा वावर वनिता पाहणार आहे. तू "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी" म्हणत राहिलास. मी यंदाच जाणार, तुझ्याशिवाय जाणार, आणि बर्फात कुऱ्हाड हाणताना तुला मोठ्याने शिव्या देणार. तिथवर ऐकू येत असेल तर ऐक.

तुझी,
बुटकी ताई